थकलेल्या जिवाचा हक्क



तिर्मिजी शरीफमध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक छोटीशी घटना आहे. अल्लाहच्या प्रेषितांचे (सल्ल.) एक सहाबी एका डोंगरदरीतून जात होते. तेथे गोड पाण्याचा एक लहानसा झरा होता. ती जागा त्यांच्या मनात भरली. माणसांच्या गजबजाटातून निघून येथेच येऊन राहिलो तर किती बरे होईल, असे त्यांना वाटले. पण प्रेषितांची (सल्ल.) अनुमती घेतल्याखेरीज असे करायचे नाही, असेही त्यांनी त्याच क्षणी ठरवले. ते परत आले आणि त्यांनी विचारले. उत्तर नकारार्थी आले. अल्लाहच्या मार्गात लोकांसमवेत उभे राहणे हे घरात बसून वर्षानुवर्षे पढलेल्या नमाजपेक्षा श्रेष्ठ आहे, असे त्यांना सांगण्यात आले.

या हदीसमध्ये त्या सहाबींचे नाव नाही आणि दरीचेही नाव नाही. त्यामुळेच की काय, ती वाचताना प्रत्येकाला स्वतःची दरी आठवते. आखातात पंधरा-वीस वर्षे नोकरी करणाऱ्या रत्नागिरी-रायगडकडच्या माणसाला मोहल्ल्यातले कौलारू घर, मागची विहीर आणि माडांची सावली आठवते. पहाटे मुंब्र्याहून लोकलने निघून रात्री परतणाऱ्याला आजोळचे शेत दिसते. ‘आता पुरे झाले, कुठेतरी शांत जागी जाऊन राहावे, दोन घास कमी खावे, पण जिवाला स्वस्थता असावी’ हे वाक्य जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर मी किती जणांच्या तोंडून ऐकले असेल, याची गणती नाही. पूर्वी हे वाक्य पन्नाशीच्या माणसाकडून येई. आता ते तिशीच्या तरुणांकडून येते.

असे वाटणे हे गुनाह आहे का? नाही. त्या सहाबींना प्रेषितांनी (सल्ल.) नकार दिला, पण अशी इच्छा मनात आलीच कशी, असे म्हणून त्यांची कानउघाडणी केली नाही. शिवाय फितन्यांच्या काळात आपला दीन वाचवण्यासाठी शेळ्या-मेंढ्या घेऊन डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या माणसाचा उल्लेख सहीह बुखारीत गौरवाने आलेला आहे. मात्र ही हदीस उठताबसता वापरणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथे पळून जाण्याचे कारण दीन धोक्यात असणे हे आहे. साहेबाचा स्वभाव, ट्रॅफिक आणि महिनाअखेर यांना फितना म्हणता येत नाही. दुसरीकडे, लोकांत मिसळून त्यांचा त्रास सोसणारा मोमिन हा न मिसळणाऱ्या आणि न सोसणाऱ्या मोमिनापेक्षा उत्तम, हीही हदीसच आहे.

तेव्हा प्रश्न इच्छेचा नाही. ती कोठून उगवली, याचा आहे. याबाबत इमाम गझाली (रह.) यांच्याइतका स्पष्ट साक्षीदार आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल, कारण त्यांनी स्वतःच्या थकव्याची उलटतपासणी स्वतःच केली आणि ती लिहून ठेवली.

इमाम साहेबांचा जन्म तूस येथे हिजरी 450 (इ.स. 1058) मधला. वजीर निजामुल्मुल्क यांनी हिजरी 484 (इ.स. 1091) मध्ये त्यांना बगदादच्या मदरसा निजामियामध्ये मुदर्रिस नेमले. वय अवघे तेहेतीस-चौतीस. त्या काळी विद्वानाला मिळू शकणारे याहून मोठे पद नव्हते. तीनशे विद्यार्थी त्यांच्या दर्साला बसत. अमीर-उमराव मान देत. दिवसभर अध्यापन आणि उरलेल्या वेळात लेखन. चार वर्षांत हिजरी 488 (इ.स. 1095) उजाडले आणि रजब महिन्यापासून पुढचे जवळजवळ सहा महिने ते एकाच विचाराने ओढले जात राहिले. एक दिवस बगदाद सोडण्याचा निश्चय करावा, दुसऱ्या दिवशी तो मोडावा, एक पाऊल पुढे टाकावे आणि दुसरे मागे घ्यावे. शेवटी जीभच बंद झाली. विद्यार्थी समोर बसलेले असत, त्यांच्यासाठी तरी शिकवावे असे मनात असे, पण तोंडून शब्द फुटेना. मग अन्न जाईना. घोटभर पाणी आणि एक घासही उतरेना. हकिमांनी हात टेकले. हा आजार हृदयात उतरून तेथून प्रकृतीत पसरला आहे, मनावरचे ओझे उतरेपर्यंत औषधाचा उपयोग नाही, असे त्यांचे निदान होते.

आज आपण ज्याला ‘आतून संपून जाणे’ म्हणतो, ते याहून वेगळे काय असते? शिकवणे हेच ज्याचे जीवन, त्याचीच वाचा जावी. आणि लक्षात घ्या, ते काही दुकानदारी करत नव्हते. दीनचे ज्ञान देत होते. ‘मी तर चांगलेच काम करतो, मग मला थकवा का यावा’ असे म्हणणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे.

इमाम साहेबांनी कारण शोधले ते बाहेर नव्हे. विद्यार्थी फार झाले, पगार कमी पडला, बगदादची हवा मानवली नाही, यांपैकी एकही तक्रार ते करत नाहीत. आपण शिकवतो ते कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि अल्लाहसाठी नव्हे तर नावलौकिकासाठी, असे उत्तर त्यांना सापडले. माणसाच्या पाठीवर कामाचे ओझे असते, आणि त्यावर लोकांच्या नजरेचे आणखी एक. पहिले ओझे रात्री झोपताना खाली ठेवता येते. दुसरे झोपेतही उतरत नाही.

मग त्यांनी बगदाद सोडले. पण कसे सोडले? मुलांच्या चरितार्थापुरते बाजूला ठेवून उरलेली संपत्ती वाटून टाकली, आणि मगच निघाले. दमिश्कला सुमारे दोन वर्षे राहिले. तेथील मोठ्या मशिदीच्या मिनारात जाऊन ते दिवसभर दार लावून बसत. पुढे बैतुल मक्दिस आणि त्यानंतर हज. आणि त्यानंतर काय? मुलाबाळांच्या ओढीने ते मायदेशी परतले. आपल्या एकांताचे त्यांनी केलेले वर्णनही गुलाबी नाही. काळाच्या घडामोडी, कुटुंबाच्या गरजा आणि उपजीविकेची निकड यांनी तो एकांत वारंवार ढवळून निघे आणि निर्मळ क्षण अधूनमधूनच लाभत, असे ते प्रांजळपणे नोंदवतात. अकरा वर्षांनी, हिजरी 499 (इ.स. 1106) मध्ये, ते निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवायला बसले. काम तेच होते. आपण परतलो असे दिसत असले तरी हे परतणे नव्हे, असे ते म्हणतात. पूर्वी मानमरातब मिळवून देणारे ज्ञान शिकवत होतो, आता मानमरातबाचा त्याग करायला लावणारे शिकवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

यातून लगेच ‘चला, आपणही राजीनामा देऊ’ असा अर्थ काढणाऱ्यांना मुलांच्या चरितार्थाचा तपशील पुन्हा वाचण्याची विनंती आहे. ज्यांचे पालनपोषण आपल्याकडे आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे हा गुनाह होण्यास पुरेसा आहे, असे प्रेषितांचे (सल्ल.) म्हणणे अबू दाऊदमध्ये आले आहे. दुसरा तपशील अधिक अवघड आहे. इमाम साहेबांनी आधी सोडली ती संपत्ती. आपल्याला मात्र जीवन संथ हवे असते आणि खर्च वेगवान. मुलीच्या शादीत चार पदार्थ जास्त, भावकीत कोणी बांधला म्हणून आपलाही वरचा मजला, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते. हे हप्ते फेडण्यासाठी आखातातील मुक्काम आणखी पाच वर्षांनी वाढतो आणि मग माणूस विहिरीच्या, माडांच्या आठवणीने रडतो. त्याचे अश्रू खरे असतात, यात शंका नाही. परंतु त्याची शांत जागा त्या गावात नसून त्या वरच्या मजल्याच्या खर्चात गेलेली असते. आपल्याला कनाअत हा शब्द दारिद्र्याचे सांत्वन म्हणून शिकवला गेला, हे दुर्दैव आहे. वास्तविक तो वेळ विकत घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आता शरीराकडे वळू. थकवा आला की आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ईमान कमजोर झाले आहे, जिक्र वाढवा. दुसरा म्हणतो, काही नाही, मनाचे खेळ आहेत. सहीह बुखारीतील हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांची घटना या दोघांनाही उत्तर देते.

प्रेषितांनी (सल्ल.) या दोघांमध्ये बंधुत्वाचे नाते जोडून दिले होते. एकदा सलमान (रजि.) आपल्या भावाच्या घरी गेले, तेव्हा उम्मे दरदा (रजि.) अगदी साध्या, विटलेल्या कपड्यांत दिसल्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या की तुमच्या भावाला या दुनियेत कशाची गरजच उरलेली नाही. अबू दरदा (रजि.) आले, त्यांनी पाहुण्यापुढे जेवण ठेवले, पण स्वतः जेवेनात, कारण त्यांचा रोजा होता. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, असे सलमान (रजि.) म्हणाले. ते जेवले. रात्री अबू दरदा (रजि.) नफल नमाजसाठी उठू लागले. झोपा, असे सलमान (रजि.) म्हणाले. थोड्या वेळाने ते पुन्हा उठू लागले. पुन्हा तेच उत्तर. रात्रीचा अखेरचा प्रहर आला तेव्हा सलमान (रजि.) यांनीच त्यांना उठवले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. त्यानंतर सलमान (रजि.) यांनी समजावले की तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या जिवाचा आहे आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याचा हक्क ज्याला त्याला द्यावा. हे प्रकरण प्रेषितांपर्यंत (सल्ल.) गेले आणि सलमान खरे बोलले, असा निर्वाळा मिळाला.

येथे ‘हक्क’ हा शब्द पाहा. विश्रांती ही मेहेरबानी म्हणून घ्यायची गोष्ट नाही आणि चैनही नाही. ते देणे आहे. ज्याचे देणे थकवले, तो उद्या हिशेब मागणार. आणखी एक गोष्ट मला या घटनेत नेहमी जाणवते. अबू दरदा (रजि.) यांना स्वतःला काहीच बिघडलेले दिसत नव्हते. ते दिसले त्यांच्या पत्नीच्या कपड्यांवर. माणूस झिजू लागला की त्याची पहिली झळ घरच्यांना लागते आणि शेवटी ती त्याच्या स्वतःच्या लक्षात येते. आपण थकलो आहोत का, हे आरशाला विचारण्यापेक्षा पत्नीला, आईला, मुलांना विचारावे.

मशिदीतील दोरीची हदीसही याच अर्थाची आहे. प्रेषितांना (सल्ल.) दोन खांबांच्या मध्ये एक दोरी बांधलेली दिसली. हजरत जैनब (रजि.) नमाज पढता पढता थकल्या की तिचा आधार घेतात, असे कळले. दोरी सोडण्याची आज्ञा झाली. उत्साह असेपर्यंत नमाज पढावी, थकल्यावर बसावे, असे सांगण्यात आले. आपण मात्र सतत नव्या दोऱ्या बांधत असतो. चहावर चहा आणि रात्रपाळीवर जादा पाळी. मोबाइलबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी येथे काही भर घालत नाही.

जर कित्येक आठवडे झोप लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. उपचार घेण्याची आज्ञा प्रेषितांची (सल्ल.) आहे, आणि मनाचा आजार तिच्यातून वगळण्याचा अधिकार कोणालाही नाही. इमाम गझालींना ‘तुमचे ईमान कमी पडले’ असे सांगण्याची कोणाची हिंमत झाली असती?

आपल्या दीनने संथपणा कोठे ठेवला आहे, हे आता पाहू. सूरह जुमुआ वाचून बघावी. अजान झाली की व्यापार थांबवून अल्लाहच्या स्मरणाकडे यावे आणि नमाज संपली की पृथ्वीवर पसरून त्याची कृपा शोधावी, अशी तिची शिकवण आहे. आठवड्यातला पूर्ण दिवस काम बंद ठेवणे आपल्यावर फर्ज केलेले नाही. मालेगावचे माग शुक्रवारी थांबतात आणि आठवडाभर कानात भरलेली खडखड काही तास निवते, ही चांगली रूढी आहे. पण ती रूढी आहे. शरीयतने सुट्टी एका दिवसात साठवली नाही. ती रोज पाच वेळा वाटून दिली आणि त्या पाच वेळांत संथपणा अनिवार्य केला. शाफई मजहबमध्ये, म्हणजे आपल्या कोकणातल्या बहुसंख्य मशिदींत, रुकूअ आणि सजद्यात शरीर स्थिर होणे हा नमाजचा रुक्न आहे. घाटावरच्या हनफी मशिदींत तो वाजिब आहे. घाईघाईने नमाज उरकणाऱ्या एका माणसाला प्रेषितांनी (सल्ल.) पुन्हा पुन्हा परत पाठवले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. इकामत ऐकू आली तरी धावू नका, शांतपणे चालत या, जेवढी मिळेल तेवढी पढा आणि राहिलेली पूर्ण करा, असेही सांगितले.

इमाम पाठमोरा असतो, तरी त्याला धावत येणारी पावले ऐकू येतात. रुकूअ सापडावा म्हणून जिन्यावरून धडधडत आलेला माणूस धापा टाकत वाकतो, सलाम फिरतो आणि तो पुन्हा जिन्याकडे धावतो. संथ जीवनासाठी गावी जाण्याची स्वप्ने बहुधा तोही पाहत असेल. दिवसात पाच वेळा दारापर्यंत आलेली ती दरी त्याने धावत ओलांडलेली असते. कोणी म्हणेल, कंपनीत दहाच मिनिटे मिळतात. मान्य आहे. दहा मिनिटांत सुन्नत कमी होतील, परंतु चार रकअत स्वस्थपणे निश्चित होतात.

तरीही एक वर्ग असा आहे की ज्याला हा उपदेश करताना माझीच जीभ अडखळते. भिवंडीच्या मागांवर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला काय सांगावे? दिवसा रिक्षा आणि रात्री पहारा करणाऱ्याला? सूरह मुज्जम्मिलच्या अखेरच्या आयतीत रात्रीच्या इबादतीत सवलत दिली आहे, आणि सवलतीच्या कारणांत आजाराबरोबर अल्लाहची कृपा शोधण्यासाठी पृथ्वीवर प्रवास करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. पोटासाठी वणवण करणाऱ्याचा थकवा खुद्द पालनकर्त्याने विचारात घेतला, ही त्याच्यासाठी केवढी मोठी गोष्ट आहे! अशा माणसाने फर्ज नमाज सांभाळावी, झोपावे, आणि आपण कमी पडलो या विचाराने स्वतःला आणखी जाळू नये.

खरे सांगायचे तर या ठिकाणी उपदेश त्याला नव्हे, त्याच्या मालकाला केला पाहिजे. हाताखालच्या माणसांवर त्यांच्या शक्तीबाहेर ओझे टाकू नका, आणि टाकलेच तर स्वतः त्यांना हात द्या, अशी प्रेषितांची (सल्ल.) आज्ञा हजरत अबू जर (रजि.) यांनी पोहोचवली आहे. या नियतकालिकाच्या वाचकांत कारखानदार आहेत, दुकानदार आहेत. उमराहला जाऊन शांती शोधण्याआधी त्यांनी आपल्या कामगाराची पाळी किती तासांची आहे ते पाहावे.

आणि घरात मालक कोण, तेही पाहावे. रमजानमध्ये असरनंतर मशिदीत कुरआन उघडून बसणारा पुरुष रूहानी शांततेचा अनुभव घेतो. त्याच वेळी घरात एक स्त्री रोजा ठेवून तळणीपुढे उभी असते, आणि सहरीसाठी सर्वांआधी तिलाच उठायचे असते. ती थकली तर कोणत्या दरीत जाईल? हजरत आइशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (सल्ल.) घरी काय करत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघून जात. गावी परतून संथ जगण्याचे स्वप्न पाहणाऱ्या कित्येकांच्या चित्रात विहीर असते, पण तिचे पाणी कोण शेंदणार ते नसते.

एकांताची भूक मात्र खरी आहे, आणि तिच्यासाठीही आपल्याकडे जागा आहे. नुबुव्वतपूर्वी प्रेषित (सल्ल.) हिरा गुहेत जात. सोबत काही रात्रींची शिदोरी नेत, ती संपली की हजरत खदीजा (रजि.) यांच्याकडे परत येत आणि पुन्हा शिदोरी घेऊन जात. नुबुव्वतनंतर, मदिनेत, त्यांचा एकांत डोंगरावर राहिला नाही. तो भर वस्तीत, मशिदीत आला. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत ते एतिकाफला बसत. त्या दिवसांत ते मशिदीतूनच डोके आइशा (रजि.) यांच्या हुजऱ्याकडे करत आणि त्या त्यांचे केस विंचरून देत. ज्यांना दहा दिवस शक्य नाहीत त्यांनी नफल एतिकाफची नियत करून मगरिब ते इशा तरी बसावे. फोन घरी ठेवावा. पहिले काही दिवस फार कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

एका एतिकाफमध्ये रात्रीच्या वेळी हजरत सफिय्या (रजि.) भेटीला आल्या. थोडा वेळ बोलणे झाले. त्या परत जाण्यासाठी उठल्या, तेव्हा प्रेषितही (सल्ल.) त्यांना पोहोचवण्यासाठी उठले. दाराजवळून दोन अन्सारी जात होते. प्रेषितांना (सल्ल.) पाहताच त्यांनी पावले भराभर उचलली. मनात शंकेला जागा राहू नये म्हणून प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना थांबवले, घाई करू नका असे म्हटले आणि या सफिय्या आहेत, असे सांगितले.